युताका फुकुमोतो यांच्या १०६५ बेस-चोऱ्या: निव्वळ वेग की आणखी काही?

दुसरा_बेस (प्रश्न)

जपानी व्यावसायिक बेसबॉलचा इतिहास वाचताना मी हानक्यू ब्रेव्ह्ज संघाचे सेंटर फिल्डर (मैदानाच्या मधल्या बाहेरील भागाचे क्षेत्ररक्षक) युताका फुकुमोतो यांच्यापाशी येऊन थांबलो आहे. १९६९ ते १९८८ या वीस हंगामांत त्यांनी १०६५ बेस चोरले (चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, चेंडू टाकत असताना फटक्याची वाट न पाहता धावकाने पळत पुढचा बेस, म्हणजे धावण्याच्या मार्गावरील पुढचा टप्पा, गाठणे म्हणजे बेस-चोरी), १९७० ते १९८२ अशी सलग तेरा वर्षे ते जपानमधील दोन व्यावसायिक लीगपैकी एक असलेल्या पॅसिफिक लीगमध्ये या बाबतीत पहिले राहिले आणि १९७२ या एकाच हंगामात त्यांनी १०६ बेस चोरले. त्याआधीचा जपानमधील हंगामी विक्रम ८५ चा होता, म्हणजे त्यांनी तो ओलांडला असे म्हणण्यापेक्षा मोडीत काढला असेच म्हणावे लागेल.

माझ्या शंका दोन आहेत. अमेरिकेतील रिकी हेंडरसन यांच्या १४०६ या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की तो बराच लहान दिसतो. ही तुलना योग्य आहे का? आणि जेमतेम १६९ सेंटिमीटर उंचीच्या या खेळाडूचे यश केवळ पायांच्या वेगाचे होते, की त्यामागे काही विद्या होती?

स्कोअरवही

पहिल्या शंकेपुरते लिहितो. एकूण आकडे समोरासमोर ठेवण्याआधी सामन्यांची संख्या पाहिली पाहिजे. हेंडरसन ३०८१ सामने खेळले आणि फुकुमोतो २४०१, कारण हेंडरसन यांची कारकीर्द पंचवीस हंगामांची होती आणि अमेरिकेत हंगाम १६२ सामन्यांचा असताना जपानमध्ये त्या काळी तो साधारण १३० सामन्यांचा होता. भागाकार केला तर हेंडरसन यांच्या दर शंभर सामन्यांमागे सुमारे ४६ चोऱ्या येतात आणि फुकुमोतो यांच्या सुमारे ४४. जो फरक डोंगराएवढा वाटत होता तो असा एका हाताच्या बोटांवर येतो.

मात्र चोरीचा हिशेब यशावर संपत नाही. धावक बाद झाला तर संघाचा धावकही जातो आणि डावातील तीन बादांपैकी एकही खर्ची पडतो. म्हणून चारपैकी निदान तीन प्रयत्न साधले नाहीत तर चोरी करण्यापेक्षा जागेवर उभे राहणे बरे, असा ढोबळ नियम मानला जातो. फुकुमोतो २९९ वेळा बाद झाले, म्हणजे त्यांचे यश ७८ टक्के होते. हेंडरसन ३३५ वेळा बाद झाले आणि त्यांचे यश जवळजवळ ८१ टक्के भरते. ज्यांचा ९३८ चोऱ्यांचा विक्रम या दोघांनीही मागे टाकला, ते अमेरिकेचे लू ब्रॉक ७५ टक्क्यांच्या आसपास होते. त्यामुळे गुणवत्तेत हेंडरसन थोडे वरचढ हे मी मान्य करतो. पण जपानमधील आकडा म्हणून फुकुमोतो यांच्या विक्रमाला तळटीप जोडण्याची जी सवय काही लेखांत दिसते, ती मला पटत नाही.

पिचरची_टाच

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर अधिक रंजक आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिल्या बेसपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर २७.४३ मीटर असते आणि धावक त्यातले तीन-चार मीटर आधीच पुढे सरकून उभा असतो. उरलेले अंतर कापायला चांगल्या धावकाला साधारण सव्वातीन ते साडेतीन सेकंद लागतात. दुसऱ्या बाजूला पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू कॅचरच्या (फलंदाजामागे उभ्या असलेल्या झेलकाच्या) हातात पडेपर्यंत दीड सेकंदाच्या आत-बाहेर वेळ जातो आणि कॅचरने तो दुसऱ्या बेसवर पोहोचवण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. म्हणजे दोन्ही घड्याळे जवळजवळ एकाच वेळी थांबतात, आणि सगळा निकाल धावकाने पहिले पाऊल केव्हा टाकले यावर येऊन ठेपतो. फुकुमोतो यांनी नेमके हेच ओळखले होते. ते प्रतिस्पर्धी पिचरचे आठ मिलिमीटरच्या फिल्मवरील चित्रण पुन्हा पुन्हा पाहत. हा पिचर होम प्लेटकडे (फलंदाजाच्या दिशेने) फेकणार की पहिल्या बेसकडे वळून धावकाला टिपणार, हे त्याच्या खांद्याच्या, मानेच्या किंवा पायाच्या एखाद्या नकळत होणाऱ्या हालचालीवरून आधीच कळते का, याचा ते शोध घेत. त्यांचे पाय वेगवान होतेच, पण त्या पायांना निघण्याची आज्ञा डोळे देत होते.

याचा सर्वांत मोठा पुरावा त्यांच्या आकड्यांत नसून प्रतिस्पर्ध्यांच्या वागण्यात सापडतो. नानकाई हॉक्सचे कॅचर आणि व्यवस्थापक कात्सुया नोमुरा यांना हे उमगले की, केवळ कॅचरच्या हातातील जोर वाढवून या माणसाला अडवता येणार नाही. मग त्यांनी पिचरचीच हालचाल आखूड करायला लावली: पाय उंच न उचलता, जमिनीलगत पुढे सरकवून चेंडू चटकन सोडायचा. जपानमध्ये ‘क्विक मोशन’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत आज तिथल्या प्रत्येक पिचरला शिकवली जाते. एका धावकाच्या धास्तीने सगळ्या पिचरांना पाय टाकण्याची रीत बदलावी लागली, यापेक्षा मोठी पावती कोणती असेल?

दुसरा_बेस

दोघांचे आभार. मग १९७४ मध्ये ९४ असलेली संख्या १९७५ मध्ये एकदम ६३ वर आली, ती या क्विक मोशनमुळेच असे समजावे का?

पिचरची_टाच

माझ्या मते मोठा वाटा तिचाच आहे, पण सगळे श्रेय नोमुरांना देऊन टाकणे घाईचे ठरेल, कारण त्या वर्षी फुकुमोतो यांची फलंदाजीची सरासरीही बरीच घसरली होती आणि बेसवर पोहोचलाच नाही तर चोरणार काय? चोरीचे मर्म आधी बेसवर पोहोचण्यात आहे, असे ते स्वतःच सांगत असत. लोक त्यांना निव्वळ धावक समजतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. २५४३ हिट, २०८ होम रन आणि जपानमध्ये आजही विक्रम असलेले ११५ ट्रिपल (एकाच फटक्यावर तिसरा बेस गाठणे) ही धावकाची नव्हे, पूर्ण फलंदाजाची कमाई आहे. ठेंगण्या खेळाडूने चेंडू नुसता टेकवून पळावे, ही रूढ समजूत बाजूला सारून ते जाड मुठीची, एक किलोहून जड बॅट वापरत.

जुना_प्रेक्षक

थोडे माणसाविषयी लिहितो, कारण वरील चर्चेत तो हरवल्यासारखा वाटला.

१९६८ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) हानक्यूने त्यांना सातव्या फेरीत निवडले होते. त्याच ड्राफ्टमधून पिचर हिसाशी यामादा पहिल्या फेरीत आणि हिदेजी काटो दुसऱ्या फेरीत त्याच संघात आले. एका वर्षाची ही निवड पुढे १९७५ ते १९७७ अशा सलग तीन जपान सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांतील अंतिम मालिका) विजयांचा कणा ठरली. ३ जून १९८३ रोजी सेइबू लायन्सविरुद्ध फुकुमोतो यांनी ब्रॉक यांना मागे टाकणारी ९३९ वी चोरी केली, तेव्हा पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारने त्यांना राष्ट्रीय सन्मान देऊ केला. हा सन्मान १९७७ मध्ये सर्वप्रथम विख्यात फलंदाज सादाहारू ओ यांना मिळाला होता. फुकुमोतो यांनी तो नम्रपणे नाकारला, आणि असला सन्मान घेतला तर रस्त्याच्या कडेला लघवीलाही उभे राहता येणार नाही, असे म्हणाले. हे उत्तर विनोद म्हणूनच प्रसिद्ध आहे, परंतु ओ यांच्यासारखे सदैव आदर्श होऊन जगणे आपल्याला झेपणार नाही, हा त्यामागचा प्रामाणिक विचार त्यांनी नंतर सांगितला.

निवृत्तीची कथा तर याहून विलक्षण आहे. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये संघ विकला गेल्याची घोषणा झाली आणि २३ तारखेला निशिनोमिया येथे हानक्यू ब्रेव्ह्ज या नावाने शेवटचा सामना झाला. निवृत्त होणार होते ते यामादा. निरोपाच्या भाषणात व्यवस्थापक तोशिहारू उएदा यांना ‘जाणारे यामादा आणि राहणारे फुकुमोतो’ असे म्हणायचे होते. पण बोलण्याच्या ओघात ‘जाणारे यामादा आणि फुकुमोतो’ असे निघून गेले. प्रेक्षक थक्क झाले, पत्रकारांनी गराडा घातला, आणि ज्यांनी निवृत्तीचा निर्णय घेतलाच नव्हता त्या फुकुमोतो यांनी, आता प्रत्येकाला खुलासा करत बसायचा कंटाळा म्हणून, खरोखरच निवृत्ती पत्करली. वीस वर्षांपूर्वी एकाच ड्राफ्टमधून आलेले दोघे असे एकाच दिवशी निरोप घेऊन गेले.