बालवाडी संपतेय, जूनमध्ये पहिली. मुलीची तयारी कशी करावी?

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची आहे. जुन्या ताईंचं नाव निघालं की रडते, 'नवीन शाळेत नाही जाणार' म्हणते. आतापासून काय करावं?

उत्तर १: आधी जुन्या शाळेचा नीट निरोप होऊ द्या. 'आता तू मोठी झालीस, रडायचं नाही' हे वाक्य टाळा. त्याने रडणं थांबत नाही, लपतं. शेवटच्या आठवड्यात तिच्या हाताने ताईंसाठी चित्र काढून घ्या, घसरगुंडीपाशी फोटो काढा. नवीन शाळेचा विषय मात्र दोन महिने आधीपासून रोज काढू नका. लहान मुलांना 'जून' कळत नाही, नुसती धास्ती वाढते. दहा दिवस उरले की कागदावर दहा चौकोन आखा, रोज रात्री एक तिला रंगवू द्या.

उत्तर २: जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळापूर्व तयारी मेळाव्याला तिला न्याच. वर्ग, नळ आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह दाखवा. पहिलीतली बरीच मुलं लघवी दाबून बसतात, कारण कुठे जायचं आणि कसं विचारायचं हे माहीत नसतं. 'बाई, लघवीला जाऊ?' हे घरी म्हणून बघा. डबाही तिलाच उघडता यायला हवा. घट्ट झाकणाचा नको.

उत्तर ३: सोडताना गुपचूप सटकू नका. पुढच्या दिवशी ती हात सोडणारच नाही. एक मिठी, 'डबा खाऊन झाला, घंटा झाली की आजी फाटकापाशी असेल' एवढं सांगा आणि निघा. सांगितलेलं माणूस वेळेवर तिथे हवंच. दोन-तीन आठवडे रडणं, अंथरूण ओलं होणं चालतं. महिन्यानंतरही रोज पोटदुखी असेल तर बाईंशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.