मदत हवी आहे: निसान ३७० झेडसाठी हिवाळी टायर, १८ इंची रिमवर कोणतं माप घ्यावं?

नमस्कार मंडळी,

गाडी निसान ३७० झेड, स्पोर्ट पॅकेज, सहा गिअरची मॅन्युअल. सध्या उन्हाळी टायरवर आहे. यंदा ती हिवाळ्यातही रोज चालवायची आहे, झाकून ठेवायची नाही. सकाळच्या रस्त्यावर बहुतेक दिवस नुसता कोरडा गारठा असतो, अधूनमधून अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा, आणि कधीतरी रात्रीतून पडलेला ताजा भुसभुशीत बर्फ. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक पडायला लागतं, त्यामुळे सध्याच्या टायरवर हिवाळा काढण्याचा प्रश्नच नाही. रिमसकट वेगळा हिवाळी सेट घ्यायचा हे पक्कं आहे. अडलंय ते मापावर.

कंपनीचं माप असं (टायरची रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आर नंतर रिमचा व्यास इंचात): पुढे २४५/४० आर १९, रिम ९ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) ४७ मिमी. मागे २७५/३५ आर १९, रिम १० इंच, ऑफसेट ३०. नट पाच, पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३, मधलं भोक ६६.१ मिमी.

मागचा २७५ चा टायर हिवाळ्यात नको असं माझं मत झालंय. एवढा रुंद टायर भुसभुशीत बर्फ कापत नाही, त्याच्यावर चढून बसतो. राड्यात आणि पाण्यातही तो लवकर तरंगायला लागतो. त्यात ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी, म्हणजे ढकलायचं मागच्यांनीच. शिवाय ३५ चा साइडवॉल, म्हणजे टायरची भिंत, इतका बुटका की बर्फाखाली दडलेला खड्डा थेट रिमवर बसतो. म्हणून एक इंच खाली, १८ वर यायचं आणि वाचलेली उंची टायरच्या भिंतीला द्यायची, असा विचार आहे.

व्यासाचं गणित करून पाहिलं. सध्या पुढचं चाक ६७८.६ मिमी आणि मागचं ६७५.१. आता २४५/४५ आर १८ घेतला तर २४५ चे ४५ टक्के ११०.२५, ते दोन्ही बाजूंचे मिळून २२०.५, अधिक रिमचे ४५७.२, एकूण ६७७.७. म्हणजे पुढे जवळपास शून्य फरक आणि मागे अर्ध्या टक्क्याहून कमी. स्पीडोमीटर आणि एबीएस दोघांनाही काही कळणार नाही.

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. चारही चाकांना २४५/४५ आर १८, एकसारख्या साडेआठ इंची रिमवर, ऑफसेट ३५ च्या आसपास. टायर पुढचे मागे करता येतील, झीज सारखी राहील. किंवा याच गाडीच्या बेस मॉडेलचं माप: पुढे २२५/५० आर १८, मागे २४५/४५ आर १८. हे कंपनीनेच दिलेलं, म्हणजे कागदोपत्रीही बिनघोर.

मला विचारायचंय ते हे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला बर्फात चारही टायर एका मापाचे बरे, की मागे रुंद हेच बरं? २२५/५० साडेआठच्या रिमवर चढवला तर चालेल का? म्हणजे रिम एकच घेऊन टायरचं नंतर ठरवता येईल. आणि सगळ्यात मोठी धास्ती ब्रेकची आहे. स्पोर्ट पॅकेजच्या पुढच्या डिस्क ३५५ मिमीच्या आहेत, वर चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्क दाबून धरणारे चिमटे). १८ इंची रिम त्याच्यावर बसेल हे टायर लावायच्या आधी कसं तपासायचं?

एक मित्र म्हणतो फक्त मागे हिवाळी टायर लाव, पुढचे आहेत तेच राहू दे. मला पटत नाहीये, पण का पटत नाही हे त्याला नीट समजावता येत नाहीये.

प्रतिसाद १

शेवटचं आधी घेतो, कारण ते जिवाशी आहे. फक्त मागे हिवाळी टायर कदापि नको. गाडी निघेल झकास, पण थांबवायचं आणि वळवायचं काम पुढची चाकं करतात. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि तिथे कडक पडलेलं उन्हाळी रबर असेल. स्टिअरिंग वळेल, गाडी सरळच जाईल. मित्राला एवढंच विचारा: बर्फात गाडी हलली नाही तर काय होईल, आणि थांबली नाही तर काय होईल?

२२५/५० ला साडेआठची रिम नको. त्या मापाला ६ ते ८ इंच रुंदीची रिम मान्य आहे. साडेआठवर टायर चढेल, पण भिंती ताणल्या जातील, आणि रिम वाचवायला उंच भिंत घेताय तर ती ताणून काय उपयोग? २४५/४५ ला साडेसात ते ९ चालते, म्हणजे तो साडेआठवर अगदी घरच्यासारखा बसेल. तेव्हा रिम आधी आणि टायर नंतर असं करू नका, दोन्ही एकत्रच ठरवा.

आता तुमच्या ऑफसेट ३५ चं. साडेआठ इंच म्हणजे साधारण २१६ मिमी, अर्धे १०८. त्यातून ३५ वजा केले तर रिमची बाहेरची कड हबच्या पातळीपासून ७३ मिमी बाहेर येते. तुमच्या मूळ पुढच्या रिमची ती ६७ आहे, म्हणजे पुढे चाक ६ मिमी बाहेर, काही बिघडत नाही. पण मागे मूळ रिमची कड ९७ वर आहे. तिथे चाक प्रत्येक बाजूला २४ मिमी आत जाईल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं अंतर जवळजवळ ५ सेंटीमीटरने कमी. घासणार कुठेच नाही, पण गाडीचा मागचा पाया तेवढा आखडतो. स्पेसर (हब आणि रिममध्ये बसणारी चकती) टाकून भरून काढता येतं, मात्र मीठ टाकलेल्या रस्त्यावर अजून एक गंजणारा जोड मला स्वतःला नको वाटतो.

ब्रेकचं. रिमचा व्यास १८ आहे एवढ्यावर जाऊ नका. दोन ठिकाणी अडतं: कॅलिपरची पाठ आणि रिमचं पिंप (आतला नळकांड्यासारखा भाग) यांच्यात, आणि कॅलिपरचं तोंड आणि आऱ्यांची आतली बाजू यांच्यात. दुसरं जास्त फसवं, कारण ते आऱ्यांच्या वाकावर अवलंबून असतं. एकाच मापाच्या दोन डिझाइनमधली एक बसते, एक नाही. चांगले रिम बनवणारे कॅलिपरचा पूर्ण मापाचा नकाशा देतात. तो मागून घ्या, पुठ्ठ्यावर कापा आणि चाक काढून हबवर धरून बघा. नकाशा नसेल तर टायर न चढवता नुसती रिम लावून बघायला मागा. नट आवळून हाताने पूर्ण फेरा फिरवायचा. निदान ३ मिमी मोकळी जागा सगळीकडे हवी. आणि बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं पिंपात नेमकी कॅलिपरच्या समोर लावू देऊ नका. रिम बसते आणि वजन घासतं, असं होतं.

एकसारखं की वेगवेगळं? मी एकसारख्याच्या बाजूचा. मागचे टायर लवकर झिजतात, आणि खाच ४ मिमीच्या खाली गेली की बर्फातली पकड झपाट्याने उतरते. अदलाबदल करता आली तर चारही एकदम संपतात. नक्षी एकाच दिशेची असेल तर उजवीकडचे उजवीकडेच ठेवून पुढे-मागे करायचे.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, शेवटचा परिच्छेद सोडून.

कंपनीने पुढे २४५ आणि मागे २७५ दिलेत ते दिसायला छान म्हणून नाही. मागची पकड पुढच्यापेक्षा जास्त राहावी, म्हणजे मर्यादा ओलांडली तर आधी नाक बाहेर जावं, शेपूट नाही. तुम्ही पुढे २४५ तसाच ठेवून मागचा २७५ वरून २४५ वर आणलात तर तोल शेपटीकडे सरकतो. कोरड्या रस्त्यावर मजा येईल. ओल्या, थंड वळणावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मात्र तीच मजा नको असते. व्हीडीसी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) सावरून घेईल, पण तोल टायरमध्येच बरोबर असेल तर त्याला मध्ये पडायची वेळच कमी येते.

२२५ आणि २४५ मध्ये पुढचा-मागचा फरक टिकतो आणि चारही टायर अरुंद होतात. तुम्हाला दोन्ही हवंय. व्यासही बघा: २२५/५० आर १८ चा येतो ६८२.२, मागचा ६७७.७. मूळ गाडीतही पुढचं चाक मागच्यापेक्षा साडेतीन मिमी मोठंच आहे, इथे साडेचार. चाकांच्या वेगाची तुलना करणाऱ्या यंत्रणेला ओळखीचंच गणित मिळतं.

अदलाबदल जाते, हे खरं. मी म्हणेन मागची जोडी आधी बदलावी लागली तर लागू द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मित्राला ब्रेकचा मुद्दा सांगितला, तो गप्प झाला.

पुठ्ठ्याचा उपाय सोन्यासारखा निघाला. दोन डिझाइनचे नकाशे मिळाले. पहिला कापून कॅलिपरवर धरला तर पाठीवर भरपूर जागा होती, पण आरा हबकडे वळतो त्या कोपऱ्यात पुठ्ठा कॅलिपरला टेकला. कागदावरच्या मापात हे कधीच दिसलं नसतं. दुसऱ्या डिझाइनचे आरे बाहेर फुगीर आहेत, तिथे तोंडाशी ४ मिमी आणि पाठीवर त्याहून जास्त जागा राहते. हीच रिम पुढे ८ आणि मागे ९ इंच रुंदीत मिळते. म्हणून २२५/५० आणि २४५/४५ वर शिक्कामोर्तब करतोय.

आता टायरचा प्रकार. बर्फासाठीचे मऊ, म्हणजे ब्लिझॅक किंवा एक्स-आइसच्या जातीचे, की पायलट अल्पिनसारखे वेगवान गाड्यांचे हिवाळी?

प्रतिसाद २

तुम्हीच लिहिलंय, बहुतेक दिवस कोरडा गारठा. मग दुसरी जात. मऊ टायर गुळगुळीत बर्फावर सरस, पण कोरड्यावर त्यांची नक्षी हलते आणि या गाडीचं स्टिअरिंग रबरी वाटायला लागतं. रोज पक्का बर्फ असता तर उलट सांगितलं असतं. कोणताही घ्या, भिंतीवर डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह हवंच. नुसतं एम अधिक एस पुरेसं नाही, त्यामागे बर्फातली चाचणी नसते.

प्रतिसाद १

मापावर माझं मत वेगळं असलं तरी तुमचा निर्णय भक्कम आहे. वेगाचं अक्षर बघून घ्या: एच म्हणजे ताशी २१० किमी, व्ही म्हणजे २४०. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा खाली नको, तुमच्याकडे पुढे ९४ आणि मागे ९६ असेल. घेताना टायरच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, म्हणजे कधी बनला ते कळतं: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हवेच्या सेन्सरचा वेगळा संच आत्ताच रिममध्ये बसवून घ्या, नाहीतर सगळा हिवाळा दिवा पेटलेला राहील. हवा थंड टायरमध्ये, बाहेरच्या तापमानाला भरायची. दर ५ ते ६ अंशांच्या घसरणीला साधारण १ पीएसआय उतरतो, त्यामुळे उबदार गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा सकाळी बाहेर कमीच निघते. रिम नव्या आहेत तेव्हा मधलं भोक ६६.१ चंच आहे की मोठं, ते विचारा. मोठं असेल तर हबभोवतीची फट भरणाऱ्या रिंगा टाका. आणि शंभरेक किलोमीटर झाले की नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा बघा.