'अमली पदार्थ चाचणी': अंमल सापडतो की अंश?

मुक्ता: कंपनीची कर्मचारी नियमावली मराठीत करते आहे. 'ड्रग टेस्टिंग'च्या कलमाला जुन्या मसुद्यात 'औषध चाचणी' म्हटलं होतं. ते वाचून काही कामगारांना वाटलं, आपल्याला कसली तरी गोळी देऊन बघणार आहेत. 'अमली पदार्थ चाचणी' चालेल का? की 'मादक द्रव्य तपासणी'?

र. वि.: 'औषध चाचणी' नकोच. नवं औषध रुग्णांवर तपासतात, ती औषध चाचणी. 'मादक'ला सौंदर्याचीही छटा आहे. 'अमली पदार्थ' सगळ्यांना कळतं, तेच ठेवा.

पण त्या शब्दाकडे नीट बघा. 'अमल' मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. काम, कारभार, सत्ता असे त्याचे अर्थ. अंमलबजावणी, अंमलदार, पेशव्यांचा अंमल हे सगळे त्यातलेच, आणि दारूचा अंमल चढतो तोही. म्हणजे अंमल आहे तोवर माणूस स्वतःच्या ताब्यात नाही. लघवीची चाचणी हे दाखवतच नाही. तिला सापडतो तो अंश. गांजाचा अंमल काही तासांत उतरतो, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत अंश काही आठवडेही राहतात. दारूचं वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि श्वासाची चाचणी त्या वेळची स्थिती सांगते.

म्हणून कलमात 'कामावर अमलाखाली आढळल्यास' असं लिहून लघवीच्या अहवालावर कोणाला काढू नका. आरोप एका गोष्टीचा आणि पुरावा दुसऱ्याच गोष्टीचा, असं होईल. त्या माणसाची भाकरी त्यावर अवलंबून आहे.

शुभदा (लॅब): अगदी सहमत. आणि 'पॉझिटिव्ह'चं मराठी 'दोषी' करू नका, मी असं केलेलं पाहिलं आहे. खसखशीत मॉर्फिनचे अंश असतात. अमेरिकेत केंद्र सरकारच्या चाचण्यांत मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम ही मर्यादा होती. खसखस घातलेले पदार्थ खाणारेही त्यात सापडत, म्हणून १९९८ मध्ये ती २००० केली. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही अहवालात दिसतं. लघवीच्या झटपट चाचणीच्या पट्टीवरच्या निकालाला 'प्राथमिक चाचणीत अंश आढळला' एवढंच म्हणा. पुढे यंत्रावरची 'खात्रीची चाचणी' झाल्याशिवाय कारवाई नाही, हे कलमातच लिहा. नमुन्याची बाटली कर्मचाऱ्यासमोर सील व्हावी आणि सीलवर त्याची सही असावी.

मुक्ता: 'रँडम'ला 'अचानक' चालेल?

र. वि.: नाही. अचानक म्हणजे आधी न सांगता. रँडम म्हणजे निवड कोणाच्या मर्जीने नाही. 'सोडत पद्धतीने' लिहा, म्हाडाच्या घरांमुळे सगळ्यांना माहीत आहे. नाहीतर युनियनचा माणूसच दरवेळी 'अचानक' निवडला जातो.

अॅड. केतकी: खासगी कंपन्यांना अशी चाचणी सक्तीची करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. विमान वाहतुकीत आहे. ३१ जानेवारी २०२२ पासून डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानुसार विमान कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातल्या किमान १० टक्क्यांची दरवर्षी सोडतीने चाचणी होते. तिथे शेकडो प्रवाशांचा जीव असतो. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचंही समजू शकते. हिशेबनीसाची लघवी तपासायला कंपनीकडे काय कारण आहे? पुट्टस्वामी प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला. तो मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतो, तरी कारण विचारायची सवय कंपन्यांनाही लागायला हवी. आणि 'संमतिपत्र' हे नाव जपून वापरा. सही न केल्यास नोकरी जाणार असेल, तर ती संमती नव्हे. 'सूचना मिळाल्याची पोच' म्हणा.

मुक्ता: मसुद्यात एक ओळ आहे: 'चालू असलेल्या सर्व औषधांची यादी मनुष्यबळ विभागाकडे द्यावी.'

शुभदा: ती काढाच. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांतली बेंझोडायझेपिनंही या चाचणीत दिसतात. कोण मानसोपचार घेतं हे साहेबाला कळायचं कारण नाही. 'अंश आढळल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शन दाखवावे, डॉक्टरांनी कंपनीला फक्त निष्कर्ष कळवावा' असं करा.