स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर पक्का बसत नाही: सल्ला हवा

धागाकर्ता: नमस्कार. माझ्याकडे वडिलांची जुनी १०० सीसी स्प्लेंडर आहे. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) साफ करून परत बसवल्यापासून गाडी थांबलेली असतानाही रेस चढते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर ती उतरायला फार वेळ लागतो. दोन्ही बोल्ट पुरेसे आवळले आहेत, तरी कार्ब्युरेटर हाताने हलवल्यास किंचित हलल्यासारखा वाटतो. गॅरेजमध्ये लाल सिलिकॉन लावून आणखी पिळायला सांगितले. असे करावे का? ओ-रिंग (जोडातली गोल रबरी कडी) कोणती घ्यावी, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १: आणखी पिळू नका, अशी कळकळीची विनंती आहे. या गाडीत कार्ब्युरेटरच्या फ्लँजला, म्हणजे जोडाच्या सपाट तोंडाला, दोन बाजूंना दोन कान असतात आणि मधल्या खाचेत ओ-रिंग बसते. बोल्ट जास्त आवळले की मऊ मिश्रधातूचे ते कान मॅनिफोल्डकडे (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीकडे) वाकतात आणि नेमकी मधली, म्हणजे हवा अडवायची जागाच उघडी पडते. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) मिटलेला असताना त्याच्यापुढचा, म्हणजे इंजिनाकडचा, दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे त्या फटीतून पेट्रोल बाहेर येत नाही, तर हवा आत ओढली जाते. बाहेरून काहीच ओले दिसत नाही आणि दोष मात्र आयडलिंगलाच (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना) सर्वांत जास्त जाणवतो, तो यामुळेच.

खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून जोडावर साध्या पाण्याची बारीक फवारणी करा. क्षणभर आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर वापरतात, पण तापलेल्या सायलेन्सरजवळ ज्वलनशील फवारा मारणे मला पटत नाही.

नंतर कार्ब्युरेटर काढा, ओ-रिंग बाजूला ठेवा आणि फ्लँजवर पोलादी पट्टी उभ्या कडेवर धरून उजेडाकडे पाहा. पट्टीखाली मधोमध उजेड दिसला तर कान वाकलेले आहेत. अशा वेळी जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत, अगदी हलक्या हाताने घासा. खाच उथळ होईल इतके घासू नका, कारण ओ-रिंग पृष्ठभागाच्या थोडी वर उठलेली राहायलाच हवी. घासून झाल्यावर सर्व छिद्रे पेट्रोलने धुऊन हवेने फुंका. घाशीव कण इंजिनात गेले तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही खराब होतात. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधल्या काळ्या इन्सुलेटरलाही (उष्णता अडवणाऱ्या तुकड्यालाही) तडा आहे का, हे पाहून घ्या.

प्रतिसाद २: वरील सल्ल्याशी सहमत आहे. साधे सिलिकॉन पेट्रोलात फुगून सुटते आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात, त्यामुळे ते टाळावेच. ओ-रिंग कंपनीचीच घ्यावी. आता पेट्रोलात इथेनॉल असल्यामुळे व्हिटॉनची (इंधनात टिकणाऱ्या खास रबराची) योग्य मापाची मिळाली तर अधिक चांगले.

धागाकर्ता: पट्टीखाली खरोखरच उजेड दिसतो आहे. परत बसवताना क्रम कसा ठेवावा?

प्रतिसाद १: एअर फिल्टरचा रबरी पाइप आधी नीट जुळवून घ्या. तो वाकडा राहिला तर कार्ब्युरेटर सतत एका बाजूला ओढला जातो आणि तुम्हाला जाणवणारे हलणे त्यामुळेही असू शकते. दोन्ही बोल्ट प्रथम हातानेच पूर्ण फिरवा. मध्येच अडले तर आटे तपासा, जोर लावू नका. स्प्रिंग वॉशर नवे घाला आणि दोन्ही बाजू आलटून-पालटून, प्रत्येक वेळी थोड्या थोड्या आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) नसेल तर लहान पाना बोल्टकडच्या टोकाजवळ धरून मनगटाच्या जोरावर थांबा. पाइपचा क्लॅम्प सर्वांत शेवटी आवळा. गाडी तापली की आयडलिंगचा स्क्रू नव्याने लावावा लागेल, कारण सध्याची सेटिंग गळतीच्या हवेसह केलेली आहे.