संस्थेच्या आवारातून पार्सले नाहीशी होतात. नेमके कोणी काय करायचे?

घोडबंदरवासी:
आमची गृहनिर्माण संस्था ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आहे. तीन विंग, प्रत्येकी बावीस मजले आणि प्रवेशद्वारावर प्रत्येक पाळीला दोन सुरक्षारक्षक. गेल्या दोन महिन्यांत माझी तीन पार्सले ‘पोहोचली’ असे संदेश आले, पण हाती एकही पडले नाही. ताजे उदाहरण म्हणजे गावी राहणाऱ्या आईसाठी मागवलेले रक्तदाब मोजण्याचे यंत्र, किंमत 2,340 रुपये. आम्ही दोघेही कामावर होतो. पार्सल घेऊन आलेल्या मुलाचा फोन आला तेव्हा मी घाईत ‘दाराशी ठेवा’ असे सांगितले आणि त्याने मागितलेला ओटीपीही देऊन टाकला. त्याने काढलेल्या छायाचित्रात खोके चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवलेले दिसते. संध्याकाळी सातला आम्ही घरी आलो, तेव्हा दाराशी काहीच नव्हते.

व्यवस्थापक समिती म्हणते, खासगी वस्तूंची जबाबदारी संस्थेची नाही. सुरक्षारक्षक म्हणतो, मला कोणी सांगितलेच नव्हते. कंपनी म्हणते, ओटीपी मिळाला म्हणजे वस्तू मिळाली. व्हॉट्सॲप गटावर तर घरकामाला येणाऱ्या बायकांवर संशय घेणे सुरूही झाले आहे. पोलिसांत जावे का, आणि पुढे असे होऊ नये म्हणून कोणती व्यवस्था खरोखर टिकते, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

माजी सचिव, कोथरूड:
चौसष्ट सदनिकांच्या संस्थेचा सचिव म्हणून मी सात वर्षे काम केले, त्यावरून सांगतो. आपल्या हकिकतीत चोर येण्याच्या आधीच एक चूक झालेली आहे: वस्तू हातात न घेता ओटीपी दिला. तो आकडा म्हणजे आपली सही आहे. घरी कोणी नसेल तर दुसऱ्या दिवशी आणण्यास सांगावे किंवा कार्यालयाचा पत्ता द्यावा.

आमच्याकडे शेवटी टिकली ती एक साधी वही. तारीख, वेळ, सदनिका क्रमांक, नगांची संख्या, ठेवून घेणाऱ्या रक्षकाची सही आणि नेणाऱ्याची सही, एवढेच रकाने. खरी मेख पाळी बदलतानाच्या मोजणीत आहे. रात्रपाळीचा रक्षक सकाळी आठला जाताना केबिनमधील शिल्लक नग मोजून देतो आणि दिवसपाळीचा ते मोजून घेतो. ही मोजणी सुरू होण्याआधी पार्सल हरवले की दोन्ही पाळ्या एकमेकांकडे बोट दाखवत आणि आम्ही समितीची माणसे मध्ये उभे राहून दोघांचे ऐकत असू.

सुरुवातीला आम्ही केबिनमध्ये सरसकट सगळे ठेवून घेतले, तो मात्र मूर्खपणा होता. दिवाळीच्या आठवड्यात खोक्यांची रास इतकी वाढली की रक्षकाला बसायला खुर्ची ठेवता येईना, आणि कोणाचे तरी इडलीचे पीठ तिथेच फसफसून वहीवर सांडले. त्यानंतर सर्वसाधारण सभेत ठराव करून नाशवंत वस्तू, औषधे आणि मौल्यवान माल केबिनमध्ये ठेवून घेणे बंद केले.

आणखी एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. रक्षकाने पंप चालू करायचा, टँकर आत घ्यायचा, पाहुण्यांची नोंद करायची आणि वर पार्सलेही सांभाळायची, अशी अपेक्षा असेल तर सुरक्षा एजन्सीच्या करारात ते काम लिहा आणि त्याचे पैसे द्या. करारात नसलेल्या कामासाठी त्याच्या पगारातून भरपाई कापणे मला अन्यायाचे वाटते.

ठाणे न्यायालयातील एक वकील:
पोलिसांपुरते सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीचे कलम 303 आहे. त्यानुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तरीही एनसी जरूर नोंदवा, कारण कंपनीशी भांडताना तोच कागद उपयोगी पडतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि महिनाभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र ओटीपी आपण स्वतः दिलेला असल्याने आपली बाजू काहीशी लंगडी आहे, हे आधीच मान्य करून चाला.

गटावरील संशयाचे लिखाण तातडीने थांबवा. पुराव्याशिवाय एखाद्या बाईचे छायाचित्र टाकून तिला चोर म्हटले, तर कलम 356 खाली बदनामीची तक्रार होऊ शकते. आणि ती न झाली तरी तिची इतर चार घरची कामे सुटतात, ती वेगळीच.

तिसरा मजला:
छायाचित्र मोठे करून पुन्हा पाहिलेत का? ते चपलांचे कपाट आपलेच आहे ना? आमच्याकडे ‘ए’ आणि ‘सी’ विंगचा घोटाळा दर आठवड्याला होतो.

घोडबंदरवासी:
लिहायला संकोच वाटतो, पण कपाट आमचे नाही. आमच्या दाराशी पितळी पाटी आहे. छायाचित्राच्या कडेला अर्धवट दिसते ते झेंडूच्या कापडी फुलांचे तोरण. ‘सी’ विंगमधील त्याच क्रमांकाच्या घरी गेलो, तर तेथील आजींनी यंत्र टीव्हीखालच्या कप्प्यात जपून ठेवले होते. कोणाचे ते न कळल्याने त्या आठवडाभर वाट पाहत होत्या. गटावर हे लिहून मी माझ्यापुरती माफी मागितली आहे.

उरलेल्या दोन पार्सलांचा मात्र पत्ता नाही. त्यांपैकी एकाच्या तारखेचे सीसीटीव्ही चित्रण पुसले गेले आहे, दुसऱ्याचे जपून ठेवावे म्हणून काल सचिवांना लेखी अर्ज देऊन पोच घेतली. वहीचा आणि पाळी बदलतानाच्या मोजणीचा विषय येत्या सभेत मांडण्यासाठीही अर्ज दिला आहे. माजी सचिवांना एक विनंती: करारात आपण घातलेल्या कलमाची भाषा येथे देता आली, तर आमच्या समितीपुढे ठेवता येईल.