मदत हवी आहे: फौजेतली वार्षिक मेडिकल, वजन जास्त, हातात सहा आठवडे

कोरेगावकर: धाकटा भाऊ हवालदार आहे, सुट्टीवर आलाय. वय 34, उंची 172 सेंमी, वजन 82. वजनामुळे शेप-1 (पूर्ण फिट असल्याची मेडिकल कॅटेगरी) जाईल अशी धास्ती आहे. तालमीत कुणीतरी लघवीच्या गोळ्या आणि प्लास्टिकचा सूट सुचवलाय, तीन दिवसांत पाच किलो म्हणे. घ्यावं का?

कृष्णाकाठ: अजिबात नको. गोळ्यांनी पाणी जातं, चरबी ग्रॅमभरही जात नाही. पोटॅशियम उतरलं की पायात गोळे येतात, ठोके चुकतात. वर सूट घालून पळाला तर उष्माघात.

एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज 500 कमी खाल्ल्या तर सहा आठवड्यांत पावणेतीन किलो. पहिल्या आठवड्यात काटा भसकन उतरेल, ते बहुतेक पाणी, हुरळू नका. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 25 म्हणजे त्याच्या उंचीला 74 किलो, तिथवर एवढ्यात पोचणार नाही. कॅटेगरी उतरली तरी आधी तात्पुरती असते, फेरतपासणीत परत मिळवता येते.

तीन भाकऱ्यांच्या दोन करा, उसळ वाढवा. प्रोटीन दिवसाला 110-120 ग्रॅम, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात. चार अंड्यांत 24 ग्रॅमच मिळतं, हे धरून चाला. मूठभर शेंगदाण्यांत 170 कॅलरी, चटणी बेताने. जरंड्याच्या डोंगराच्या पायऱ्या आठवड्यात तीनदा चढा, उतरताना सावकाश, गुडघे तिथेच जातात. जोर-बैठका सोडू नका. कंबर बेंबीपाशी, श्वास सोडून मोजा. 90 सेंमीच्या आत हवी.

मिरज जंक्शन: उंची-वजनाच्या तक्त्याला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, खरं दुखणं ते. अमेरिकी लष्कर पुरुषांची मान आणि कंबर मोजायचं, कंबरेतून मान वजा करायचं, म्हणजे जाड मानेचा सुटायचा! 2023 मध्ये त्यांनी फक्त पोटाचं माप ठेवलं, आणि फिटनेस चाचणीत 540 गुण, प्रत्येक प्रकारात किमान 80, मिळवणाऱ्याला मापातून सूट दिली. आपल्याकडे कॅटेगरी गेली की बढती, कोर्स, मुदतवाढ अडते. म्हणून माणूस मेडिकलपुरता उपाशी राहतो, नंतर दुप्पट खातो. दरवर्षी थोडे स्नायू जातात, कंबर वाढते, आणि मुरलेला हवालदार लवकर पेन्शनला निघतो.

कोरेगावकर: गोळ्या परत केल्या. कंबर 97 भरली. रात्रीचा भात बंद करू का?

कृष्णाकाठ: वाटीभर चालेल. दिवसाला चहा किती? दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे जवळपास 240 कॅलरी. आधी तो.