मदत हवी आहे: एलआरबीए (प्रतिकारशक्तीला लागणारं एक प्रथिन) तपासणीसाठी नागपूरहून रक्त पाठवता येतं का?

माझा भाचा 9 वर्षांचा आहे. वारंवार न्यूमोनिया, रक्तात आयजीजी (संसर्गाशी लढणाऱ्या अँटीबॉडी) कमी, आणि त्यातच प्लेटलेट्स घसरतात. पोटऱ्यांवर सुई टोचल्यासारखे लाल ठिपके उठले की आमच्या पोटात गोळा येतो. संसर्गाशी लढू न शकणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तपेशींवर उठते, हे कळायलाच आम्हाला खूप वेळ लागला.

एक्झोम तपासणीत (जनुकांची तपासणी) हे प्रथिन बनवणाऱ्या एलआरबीए जनुकात दोन बदल सापडले, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पहिला नक्की घातक, दुसऱ्यापुढे 'अर्थ अनिश्चित' असा शेरा. डॉक्टरांनी समजावलं ते असं: प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचा ब्रेक म्हणजे सीटीएलए-4 हे प्रथिन. एलआरबीए नसेल तर पेशी ते आतल्या आत नष्ट करते. अबाटासेप्ट हे औषध तोच ब्रेक बाहेरून पुरवतं. पण ते सुरू करण्याआधी एलआरबीए प्रथिन खरंच कमी आहे का, हे फ्लो सायटोमेट्रीने (रक्तपेशींमधलं प्रथिन मोजणारी तपासणी) बघायचं आहे.

आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटीबॉडी) दर महिन्याला चालू आहे, स्टेरॉइडही. एचआयव्ही, टीबी तपासून झालं. धंतोलीतल्या दोन-तीन लॅबमध्ये विचारलं, ही तपासणी तिथे होत नाही. घरगुती उपाय कृपया सुचवू नका.

मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्त व प्रतिकारशक्तीच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेमध्ये नागपूरहून कुणी असं रक्त पाठवलंय का? किती तासांत पोचावं लागतं, स्टेरॉइड चालू असताना चालतं का, की अशा प्लेटलेट्सवर मुलालाच विदर्भ एक्स्प्रेसने न्यावं लागेल?